सातवी नळी

नुकुस. मार्चमधली धुळकट सकाळ.
खिडकीच्या फटींत आम्ही ओली फडकी कोंबतो,
तरी समुद्राचं मीठ टेबलावर येऊन बसतंच.
जो समुद्र मी भरलेला कधी पाहिला नाही
त्याचं मीठ रोज पुसते.

बीबीसारा अपा आली ती काखेत कोर्पे घेऊन.
जाड रजई, वर विटका लाल साटीन,
आत हातानं पिंजलेला कापूस.
"अठ्ठ्याहत्तरचा आहे," म्हणाली.
"शाळा बंद करून वेचणीला नेत.
मी रोज मूठभर बोंडं परकराच्या नाडीत लपवून आणायची.
सरकारचा कापूस, चोरीचा,
म्हणून जास्त ऊब.
वरून विमान जायचं, आम्ही हात हलवायचो.
मग जे खाली यायचं
त्याला सगळे औषधच म्हणत."

"पाच लेकरं निजली याखाली,"
असं सांगताना तिनं बोटं चारच उघडली.

कात्रीनं मी चौकोन कापला, चार बोटं बाय चार.
धुऊन, उकळून, पिळून हा कापूस काही सांगत नाही.
तंतू ओला असतो तोवर नळी असतो,
वाळला की स्वतःभोवतीच पीळ घेतो,
आणि पिळात गेलं ते गेलं.
इतकी वर्षं पोटात ठेवलंय त्यानं.
त्याला बोलतं करायचं
तर त्याला संपवावंच लागतं.

त्यासाठी विकर. भुरकट पाण्याचे काही थेंब,
एका बुरशीकडून उसने.
तिच्या पूर्वजांनी म्हणे युद्धात
कुठल्याशा दमट बेटांवर शिपायांचे तंबू खाल्ले होते.
दात नाहीत, घाई नाही.
पन्नास अंश, किंचित आंबट पाणी,
हलतं तबक. तीन दिवस, तीन रात्री.

"कापडाचं होतं काय शेवटी?"
"साखर."
"खरी?"
"खरी."
"मग उरली तर चहात घाल," म्हणून अपा हसली
आणि हसू रुमालाच्या टोकानं पुसून टाकलं.

वहीत नळ्या सहा.
तीन तिच्या, दोन बाजारातल्या नव्या कापसाच्या,
एक रिकामी, आमचंच खोटं पकडायला.

सातवी मी सगळे गेल्यावर ठेवली.
तिच्यात माझ्या उशीतली चिमूट.
दाढ दुखायची तेव्हा याच कापसात
गाल रुतवून झोपायचे मी.
उशी आईनं शिवली होती.
आईही त्याच शेतात, दुसऱ्या रांगेत.

तिसऱ्या रात्री वीज गेली.
दीड तास तबक हातानं हलवत बसले
अंधारात,
कुणाला निजवतेय की उठवतेय
कळेना.

सकाळी कापूस नव्हता.
तळाशी फक्त नायलॉनचा शिवणदोरा, न पचलेला,
टाक्यांची वळणं तशीच,
जणू अजून काहीतरी धरून आहे.
पाणी गाळलं, अर्क काढला, मशीनला दिला.
अकराव्या मिनिटाला पडद्यावर रेघ उठली
सरळ, उंच,
विमानाला हात करणाऱ्या पोरासारखी.

अपाला सांगितलं.
आकडा तिनं विचारला नाही.
"बाकीचं परत देशील ना?"
"पांघरू नका हं आता."
"पांघरत नाही गं. घडी घालून ठेवते."
झोळीतून सुई काढली, निळा तुकडा काढला.
भोकाच्या मापाचा, चार बोटं बाय चार.
ठिगळ ती घरूनच कापून आली होती.

सातव्या नळीचा कागद छापून झालाय.
टेबलाच्या कोपऱ्यात पालथा पडलाय,
वर मीठ साचतंय.
आज पुसताना
तेवढी जागा मी सोडली.